कॉन्स्टंटाइनचं माप आपण चुकीच्या पट्टीने काढलं

नेपाळ, भारत, मलावी, सुदान, रवांडा, पुन्हा भारत, मग पाकिस्तान. फुटबॉल प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइनने सांभाळलेले हे राष्ट्रीय संघ. यातला एकही देश आजवर वर्ल्ड कप खेळलेला नाही. आपल्याकडे मात्र त्याचं नाव काढलं की लोक आधी 'लाँग बॉल' (मागून लांब चेंडू पुढे मारायचा, पासिंग कमी) म्हणतात आणि विषय संपवतात. मला हे पटत नाही. अशा प्रशिक्षकाला संघ कुठे सापडला आणि त्याने तो कुठे आणून सोडला, एवढंच बघायला हवं.

पहिल्या खेपेत त्याने भारताला व्हिएतनाममधला एलजी कप जिंकून दिला आणि २००३ ला हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. दुसऱ्या खेपेला २०१५ मध्ये तो आला तेव्हा आपण फिफा क्रमवारीत १७३ वर होतो आणि त्याच वर्षी गुआमकडूनही हरलो. जुलै २०१७ मध्ये आपण ९६ वर होतो. दुबळ्या शेजाऱ्यांशी मैत्रीपूर्ण सामने खेळून गुण वाढवले, हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण सप्टेंबर २०१६ मध्ये अंधेरीत पोर्टो रिकोला ४-१ हरवलं, तो संघ क्रमवारीत आपल्या बराच वर होता. आणि झिंगन, गोव्याचा रॉलिन बोर्जेस, अनिरुद्ध थापा अशा पोरांना भारताची जर्सी पहिल्यांदा मिळाली ती याच्याच काळात. नावाजलेल्या जुन्या खेळाडूंना बसवून नव्यांना उतरवायला छाती लागते.

जानेवारी २०१९, अबू धाबी. आशियाई चषकात थायलंडला ४-१! १९६४ नंतर या स्पर्धेतला आपला पहिला विजय. छेत्रीचे दोन गोल, थापा आणि जेजेचा एकेक. दुसऱ्याच दिवशी थायलंडने आपला प्रशिक्षक राजेवाच याला काढून टाकलं. हाच राजेवाच २०१० मध्ये घानाला वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत घेऊन गेला होता. या धंद्यात मागची पुण्याई एका रात्रीत संपते.

मग यूएईकडून ०-२, आणि शेवटी बहरीन. बरोबरी झाली असती तर बाद फेरी नक्की होती. आपण मागे सरकून बसलो, आणि भरपाई वेळेत प्रणॉय हलदरच्या फाउलवर बहरीनला पेनल्टी मिळाली आणि आपण ०-१ हरलो. गटात थेट शेवटचे. कॉन्स्टंटाइनने सामन्यानंतर लगेच राजीनामा दिला. त्या दिवशीचा बचावात्मक खेळ ही त्याचीच चूक होती, आणि मला ती आजही सलते. पण तेवढ्या एका रात्रीवरून चार वर्षं निकालात काढायची?

तो गेल्यावर 'चांगला पासिंग फुटबॉल' आणायच्या गप्पा झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ हरून आपण २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतूनच बाहेर पडलो.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तो पाकिस्तानात पोचला होता. हाताशी जेमतेम काही दिवस. इस्लामाबादला कंबोडियावर १-०. वर्ल्ड कप पात्रता फेरीतला पाकिस्तानचा हा पहिलावहिला विजय. पुढच्या फेरीत सौदी, जॉर्डन, ताजिकिस्तानसमोर ते सहाही सामने हरले, तेही मोठ्या फरकाने. तरी पाकिस्तान त्या फेरीपर्यंत याआधी कधीच पोचला नव्हता. त्याच्या नावापुढे मी आधी हेच लिहीन.