हेडफोनवर नाही कळत हो!

"घरी हेडफोनवर आवाज जास्त स्वच्छ येतो, मग तिकिटाला पैसे का घालवायचे?" हा लाइव्ह कॉन्सर्टबद्दलच्या लेखातला सवाल वाचून राहवलं नाही. आवाज स्वच्छ येतो, कबूल. पण १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईच्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडला पहिल्यांदा समोर पाहिलं, तेव्हा वर्षानुवर्षं कॅसेटी झिजवूनही न कळलेलं कळलं. त्यांचा बेस गिटारवादक स्टीव्ह हॅरिस बेस प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) नाही, बोटांनी छेडतो. त्या लयीची ती सगळी घोडदौड नुसत्या बोटांतून! एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर, ओठांवर गाण्याचे शब्द, नजर थेट गर्दीवर. तीन गिटारांपैकी कुठला तुकडा कोणाचा, हे मला रेकॉर्डवर कधीच ओळखता आलं नव्हतं. इथे चक्क दिसत होतं. आणि गायक ब्रूस डिकिन्सन! त्या दौऱ्यावर बँडचं बोइंग ७५७ विमान स्वतः चालवणारा गडी स्टेजभर धावत गातो. (आपल्याला दोन जिने चढले की धाप लागते.) त्या जागतिक दौऱ्याचा नारळही मुंबईतच फुटला होता, त्यामुळे पुढचं गाणं कुठलं याचा कोणालाच पत्ता नव्हता.

बाकी धूळ, रांगा आणि पाण्याच्या बाटलीचे भाव याबद्दल लेखात जे लिहिलंय, त्याला मात्र शंभर टक्के अनुमोदन.