सात डिसेंबरचा उतारा

लालबागच्या आमच्या पतपेढीत सगळ्या कॉम्प्युटरांवर एक्सेलची नवी आवृत्ती चढली. आजवर २००३ वाल्यावर आमचं सुखात चाललं होतं. त्यात एका शीटला ६५,५३६ ओळी, नव्यात १०,४८,५७६. आयटीवाल्या पोराने हा आकडा अशा थाटात सांगितला, जणू उद्यापासून तेवढे सभासद दारात रांग लावणार. आमची थकबाकीदारांची यादी तिसऱ्या पानावर संपते. (वसुलीची पहिल्याच.)

वरचे जुने मेनू जाऊन तिथे चित्रांची पट्टी आली. ‘पेस्ट स्पेशल’ शोधता शोधता साहेबांच्या चहावर साय धरली. कॅशियरबाईंनी पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऑल्ट, ई, एस, व्ही, एंटर. झालं! मेनू गेला तरी त्याच्या जुन्या किल्ल्या अजून लागतात.

“बाई, हे कुठे शिकलात?”

“आता काय ठाऊक साहेब, बोटं आपोआप जातात.”

पण खरा छळ तिरक्या रेघेचा. चाळीतली खोली ३/५ टाकली की सभासद थेट तीन मे मध्ये राहायला जातो. कर्जाच्या कागदपत्रांत ७/१२ लिहिलं की सात डिसेंबर. कोकणातली वडिलोपार्जित जमीन, तिचा उतारा एका एंटरमध्ये थंडीत! खोड जुनीच, पण वाटलं होतं नव्यात जाईल.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत म्हणे. ‘मार्च१’ नावाचं मानवी जनुक शीटमध्ये टाकलं की १ मार्च व्हायचं. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले. २०२० मध्ये नवे नियम आले आणि जनुक ‘मार्चएफ१’ झालं. सातबाऱ्याचं नाव बदलायचं तर महसूल खात्याकडे अर्ज करावा लागेल, आणि त्याला सातबारा जोडावा लागेल.

२०२३ मध्ये कंपनीने हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली. पोराने मोठ्या उत्साहाने ती खूण काढली. बाईंनी ७/१२ टाकलं. सात डिसेंबर! ती सोय अक्षराला आकडा चिकटलेल्यांसाठी. जनुकं सुटली, जमिनी अडकल्या.

आता आम्ही आकड्याआधी एक ॲपॉस्ट्रॉफी मारतो, मग तो गपगुमान ७/१२ राहतो. परवा बाईंनी हाताने लिहिलेल्या पोचपावतीवरही ती मारली. सभासद म्हणाला, “ताई, हे टिंब कसलं?”

“राहू द्या हो, नाहीतर डिसेंबर होईल.”