चाळिशीत एमबीए करताय? मग लीडर व्हाच

चष्म्याला नंबर लागला, काल आलेला पोरगा टीम लीड झाला, अप्रेझलच्या मीटिंगमध्ये एचआरवाली गोड हसून 'अपस्किलिंगचा विचार करा' म्हणाली, म्हणजे तुमची वेळ झालीच. घ्या ॲडमिशन. सोमवार ते शुक्रवार ठाण्याहून पनवेल गाडी पकडून ऐरोलीला उतरता, आता शनिवारी त्याच गाडीत ऐरोलीला न उतरता सहा स्टेशनं पुढे नेरूळला कॉलेजात जायचं, यालाच करिअर ग्रोथ म्हणतात.

पहिल्या लेक्चरला मास्लोचा पिरॅमिड येणार, म्हणजे माणसाच्या गरजांची पायरीपायरीने उतरंड. १९४३च्या मूळ लेखात त्या बिचाऱ्याने पिरॅमिड काढलेलाच नाही, पण हे वर्गात बोलू नका, इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात असतात.

खरं लीडरशिपचं शिक्षण मात्र ग्रुप प्रोजेक्टमध्ये. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून १९१३ मध्ये लिहून ठेवलंय की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, आठ जण असले की प्रत्येकी जवळपास निम्म्यावर येतो. निम्मा! त्याला आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला असता तर दोरीचा खर्च वाचला असता. आम्ही सहाच जण, त्यातल्या एकाचं लग्न, एकीचं क्वार्टर एंड, एकाला सेमिस्टरभर व्हायरल. म्हणून सांगतो, पहिल्याच मीटिंगला पटकन म्हणा 'मी कोऑर्डिनेट करतो'. चुकूनही 'मला पीपीटी जमते' असं म्हणू नका. मी म्हणालो. त्यामुळे रात्री दीड वाजता डायनिंग टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर लेकीचा ओला युनिफॉर्म वाळतोय, मी चौदाव्या स्लाइडचे बाण सरळ करतोय, आणि ग्रुपवर दोन अंगठे आणि एक मेसेज, 'दादा फॉन्ट जरा मोठा करा ना'. सकाळी ब्लेझर घालून प्रेझेंट कोणी केलं? व्हायरलवाल्याने. सर म्हणाले, धिस इज लीडरशिप. विषय होता टीमवर्क.

शिकलेलं घरी वापरायला विसरू नका हं. फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने कारखान्यात घड्याळ लावून कामं मोजली, फावड्यात एका वेळी २१ पौंड, म्हणजे साधारण साडेनऊ किलो माल घेतला की दिवसाचं काम सगळ्यात जास्त निघतं इथपर्यंत काढलं, १९११ मध्ये पुस्तक लिहिलं. ते वाचून मी रविवारी मोबाइलचा स्टॉपवॉच लावून ओट्यापाशी उभा राहिलो की पोळ्यांचा टाइम स्टडी करू. बायकोने काही न बोलता एका हातात लाटणं दिलं आणि दुसऱ्या हातातला मोबाइल काढून घेतला. पहिल्या पोळीला सहा मिनिटं लागली. मोजली तिने.

एवढं करून दोन वर्षांनी डिग्री हातात पडली की पेढे घेऊन ऑफिसला जा. टीम लीड मनापासून खूश होईल, दोन पेढे खाईल, खुर्ची ओढून बसवेल आणि म्हणेल, बरं झालं, नव्या पोरांच्या ट्रेनिंगची पीपीटी आता तुम्हीच करा, सोमवारी लागेल. जाता जाता फॉन्टचंही सांगेल.