सकाळचा नाष्टा रात्रीच करायचा असतो

भाचीला चष्मा लागणार असं आम्ही जुलैत ठरवूनच टाकलं होतं. रोज अकराच्या सुमाराला तिचं डोकं दुखायचं, फळ्यावरचं पुसट दिसतंय म्हणायची. डोळे तपासले, नंबर काहीच नाही. मग गल्लीच्या तोंडाला बसणाऱ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी नाडीला हात लावायच्या आधीच विचारलं, "सकाळी काय खाल्लीस?"

"चहा."

"चहा पितात गं. खाल्लीस काय?"

"दोन खारी."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६. बाईमाणसाचं किमान १२ तरी हवं.

आता खरी लाज सांगते. पोरगी माझ्याच घरात राहते. जांबोटी भागातल्या आमच्या गावाहून रोज किणये-पिरनवाडी करत बेळगावला यायचं आणि परत जायचं, त्यात पावसाळा, त्यात गाडीचा भरवसा नाही, म्हणून भावानं तिला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, माझ्याकडे शहरातच अनगोळला ठेवलं. "आत्याच्या हाताखाली राहील, पोटाला नीट मिळेल," असं वहिनी सगळ्यांना सांगत होती. आणि आत्या सकाळी सहाला तिच्यासमोर चहाचा कप ठेवून आपल्या डब्याच्या नादात!

एकदा बसून हिशेब मांडला. रात्रीचं जेवण साडेआठला. सकाळी पावणेसातला ट्यूशन, तिथून परस्पर कॉलेज, डबा उघडायचा एकला. मधे चहा आणि खारी. म्हणजे साडेसोळा तास. आमच्याकडे एकादशीलासुद्धा कुणी एवढं कडक राहत नाही, निदान साबुदाणा तरी होतो.

आणि ही काही माझ्या एकटीच्या घरातली गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं. दहातल्या सहा जणी. कारणं बरीच असतात, सगळा दोष नाष्ट्यावर टाकत नाही. पण पोटात काही नसताना चहा, वर कोरडी खारी, यातून रक्त कुठून वाढायचं? उलट चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगाला नीट लागू देत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, चहा खाण्याबरोबर नको, तासाभरानं घे.

मला यात एक गंमत वाटते, म्हणजे वाईट अर्थानं गंमत. कर्नाटकात दहावीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या पोराला दुपारचं जेवण मिळतं, २०१३ पासून दूध मिळतं, २०२४ पासून आठवड्यातले तीन दिवस त्या दुधात रागी माल्ट, म्हणजे नाचणीचंच, असतं, अंडं किंवा केळं मिळतं. एसएसएलसीचा निकाल लागला की हे सगळं बंद. म्हणजे पोर अजून वाढतच असतं, क्लास सकाळी पावणेसातला सुरू होतो, नेमकं तेव्हाच त्याच्या पोटाचं कुणाला पडलेलं नसतं. कॉलेजच्या कॅन्टीनला मी जाऊन आले. पफ, सामोसा, गोबी मंचुरी. कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, सगळीकडे तेच आहे.

मग मोबाईलवर बघावं म्हटलं. तिथं ओट्स, चिया, अ‍ॅव्होकाडो. अहो, रविवार पेठेत अ‍ॅव्होकाडो मिळेलही एखादे वेळी, पण त्या एका फळाच्या पैशात आमच्या घरी आठवड्याचा नाष्टा निघतो. नाचणी आपल्या खानापूरची, तांदूळ आपल्या शिवारातला, रताळी तर उचगाव-बेळगुंदीकडून गाड्या भरून बाहेर जातात. आणि आपली पोरं खारी खातात.

तर गेल्या काही महिन्यांत माझं एक मत पक्कं झालंय. नाष्ट्याचं भांडण सकाळी सोडवायला जाऊ नका, तिथं ते सुटत नाही. सकाळी फक्त दहा मिनिटं असतात, आणि त्यात वेणी, वही, छत्री सगळं असतं. जे काय करायचं ते आदल्या रात्री भांडी घासायच्या आधी.

आंबिलीपासूनच सांगते, कारण हिनं सगळ्यात जास्त नाक तिलाच मुरडलं होतं. "आत्या, ते म्हाताऱ्यांचं असतंय." बरं. रात्री तीन चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी ताकात कालवून झाकून ठेवायचं. बस, रात्रीचं काम संपलं. सकाळी दोन कप पाणी, मीठ, जिरं आणि ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या घालून उकळायचं, आणि त्यात ते कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. ढवळणं सोडून मोबाईल बघितला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. चार-पाच मिनिटांत रंग गडद होतो, वर चकाकी येते, कच्च्या पिठाचा वास जातो. गॅस बंद करून जरा निवू द्यायचं आणि मगच वाटीभर ताक घालायचं. विस्तवावर असताना ताक घातलं तर फाटतं. पहिल्या दिवशी हिनं ते केलं, आणि आम्ही दोघींनी ते फाटलेलं मुकाट्यानं प्यायलो.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण लोक इथंच थांबतात आणि नाचणीला देव करतात. तीन चमचे म्हणजे तीसेक ग्रॅम पीठ, म्हणजे कॅल्शियम शंभराच्या आसपास, आणि तेही सगळं अंगी लागत नाही, कारण धान्यातलं फायटेट ते धरून ठेवतं. रात्रभर आंबवलं की ते फायटेट कमी होतं. आमच्या आजीला फायटेट माहीत नव्हतं, पण पीठ रात्रीच भिजवायचं हे माहीत होतं. आणि नुसत्या आंबिलीनं दहापर्यंत पोट राहत नाही हेही खरं. बरोबर मूठभर भाजलेल्या शेंगा किंवा एक उकडलेलं अंडं पाहिजेच.

हेच पोह्यांचं आणि उप्पिटाचं. पोरं म्हणतात, बशीभर पोहे खाल्ले तरी दहाला भूक लागते. लागणारच की, त्यात बहुतेक सगळा पिष्ट पदार्थ, भराभर पचून जातो. टिकतं ते प्रथिन, चोथा आणि थोडं तेल-तूप. म्हणून पोह्यांत शेंगदाणे सढळ हातानं घाला, मोड आलेली मटकी परता, वर लिंबू पिळा. लिंबू चवीपुरतं नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगाला लागतं. उप्पिटात गाजर-मटार आणि वर शेंगाचटणी. संपलं. यावर जास्त लिहीत नाही, उप्पीट कसं करायचं हे बेळगावकराला शिकवणं म्हणजे आगाऊपणा.

चिरमुऱ्यांचा सुसला मात्र सांगते, कारण तो सात मिनिटांत होतो आणि पोरांना स्वतःला करता येतो. चार वाट्या चिरमुरे चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, ओले झाले की लगेच दाबून पाणी काढायचं. मोजून काही सेकंद. भाचीनं पहिल्यांदा भिजवून ठेवले आणि आंघोळीला गेली. परत आली तोवर खळ झाली होती, तिनं गणपतीची पताका चिकटवता आली असती. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे, हळद. चिरमुरे घालून वर फुटाण्याच्या डाळीची पूड दोन-तीन चमचे. ही पूड चुकवायची नाही, पोटाला आधार तिचाच. चिरमुरे मुळात खारे असतात, तेव्हा मीठ बेतानं. पूड रविवारी मिक्सरला फिरवून डब्यात भरून ठेवलेली असते, कांदा रात्री चिरलेला असतो. सकाळी नुसता गॅस पेटवायचा.

भाकरीबद्दल एक नाजूक गोष्ट आहे. शिळी भाकरी, दही आणि गुरेळाची (कारळ्याची) नाहीतर शेंगांची चटणी यापेक्षा लवकर होणारा नाष्टा जगात नसेल, कारण तो झालेलाच असतो. दोन चमचे शेंगाचटणीतसुद्धा पाचेक ग्रॅम प्रथिन असतं, जवळपास एका अंड्याएवढं. पण पोरं लाजतात. "डब्यात भाकरी बघून हसतात." कोण हसतंय विचारलं तर नाव सांगत नाहीत, बहुतेक कुणीच हसत नसतं. तोड म्हणून मी रात्रीच्या तांदळाच्या भाकरीला लोणी आणि चटणी लावून सुरळी करून देते. ज्वारीची तुटते, तांदळाची मऊ राहते. एका हातात मावते. आणि २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट झाल्यापासून सकाळच्या गाडीत दुसरा हात दांडीलाच लागतो, हे कडोली-येळ्ळूरहून येणाऱ्या कुठल्याही पोरीला विचारा.

शिळ्या भाताचा चित्रान्न चालतो, पण एक काळजी घ्या. रात्रभर ओट्यावर उघडा पडलेला भात सकाळी परतून देऊ नका. त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष परतल्यानं मरत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी उलट्या सुरू होतात. जेवणं झाली की लगेच भात फ्रिजात टाका आणि सकाळी चांगला वाफ येईपर्यंत गरम करा.

आता रूम करून राहणाऱ्या पोरांसाठी. मालक गॅस ठेवू देत नाही, हातात फक्त वीजेची किटली, हे मला माहीत आहे. दही आणि भिजवलेले पोहे, वर शेंगा आणि मीठ-मिरची. दोन जवारी (गावठी) केळी आणि मूठभर फुटाणे. किटलीत अंडी उकडतात, पण नंतर ती घासा, नाहीतर पुढच्या चहाला वास येतो. ज्यांना खिशाला परवडतच नाही त्यांनी शहरातल्या सरकारी इंदिरा कॅन्टीनची लाज धरू नये, पाच रुपयांत गरम नाष्टा आहे. पाच रुपयांत पफचा कागदसुद्धा येत नाही.

आणि आता ज्यावरून कुणीतरी माझ्याशी भांडणार ते. नाष्टा आईनंच करायचा, हा नेम कुणी घातला? गावाकडं वहिनी साडेचारला उठायची, धारा काढून चूल पेटवायची, आणि एवढं करून पोरगी "भूक नाही" म्हणून निघायची. मी काही साडेचारला उठणार नाही. मीही साडेनऊला कामावर जाते. सोळा-सतरा वर्षांचं लेकरू रसायनशास्त्राची समीकरणं जुळवतं, तर त्याला रात्री पीठ कालवता येतं. मुलगा असला तर जास्तच शिकवा. माझ्याकडे ठरलेलं आहे, रात्रीची तयारी तिची, रविवारची चटणी-पूड माझी, गॅस जो आधी उठेल त्याचा.

"सकाळी भूकच नसते गं आत्या" या वाक्याचं मला काही महिने उत्तर सापडत नव्हतं. ते असं सापडलं की रात्रीचं जेवण साडेआठवरून साडेसातला आणलं आणि अभ्यासाच्या वेळचा चिवड्याचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. आठवडाभर तणतण झाली. नंतर सकाळी सहाला स्वतःहून पातेल्याचं झाकण उघडून बघायला लागली.

हिमोग्लोबिन ऑक्टोबरात पुन्हा तपासलं, ११.१. गोळ्यांचा वाटा त्यात मोठा असणार, आंबिलीला फुकटचं श्रेय देत नाही. डोकं मात्र अकराला दुखायचं थांबलं.

सध्या आमची अडचण वेगळी आहे. बेळगावच्या या थंडीत आप्प्यांचं पीठ रात्रीत फुगतच नाही. परवा पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं, तर सकाळी भाची त्याला पाय लागून पडली. कुणाकडे काही युक्ती असेल तर सांगा, गरम पाण्याच्या डेगीजवळ ठेवून झालंय.

उद्यासाठी रताळी उकडायची आहेत, अंड्यांबरोबरच कुकरात. भावानं संध्याकाळच्या गाडीनं कंडक्टरजवळ पिशवी दिलीय. गाडी स्टँडवर येईल एवढ्यात, निघते.