एमसीबी पडतोय म्हणून मोठा टाकताय? थांबा जरा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय, की गीझर, इंडक्शन आणि इस्त्री एकत्र लावल्यावर एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) पडत असेल तर १६ अँपिअरचा काढून सरळ ३२ चा टाका, वायर तांब्याची आहे ना मग घाबरायचं कारण नाही, तांब्याला रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) नसतोच, आणि करंट डबल झाला तरी वायर फार तर डबल तापेल. हे वाचून लोक खरंच एमसीबी बदलतायत, म्हणून लिहितोय.

तांब्याला रेझिस्टन्स नसतो हे साफ चूक. कमी असतो, शून्य नाही. दीड स्क्वेअर एमएमची वायर घ्या, तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १२ मिलिओहम (ओहम हे रेझिस्टन्सचं माप), म्हणजे १० मीटरवरच्या बोर्डापर्यंत जाऊन-येऊन २० मीटर धरले तर ०.२४ ओहम. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन व्होल्टेज लावलं की पुढे सरकतात आणि सरकताना थरथरणाऱ्या अणूंवर आपटून आपली एनर्जी त्यांना देत राहतात, अणू अजून जोरात थरथरतात, वायर तापते ती यानेच. इलेक्ट्रॉन सुसाट धावतात म्हणून तापते असंही काही जण म्हणतात, पण याच वायरीत १० अँपिअर जाताना ते सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिमीटर पुढे जातात! फक्त त्यांची संख्या अफाट आहे.

आता डबलचं. जूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्येच प्रयोग करून दाखवलंय की उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. आपल्या ०.२४ ओहमच्या वायरीत १५ अँपिअरला (१५ चा वर्ग गुणिले ०.२४) ५४ वॅट उष्णता. गीझर ३०००, इंडक्शन २०००, इस्त्री १००० वॅट, मिळून ६००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला २६ अँपिअर, आणि मग तीच वायर १६२ वॅट उष्णता टाकते, तीही भिंतीतल्या बंद पाइपात जिथे हवा खेळत नाही. वायरीवरच्या साध्या पीव्हीसी प्लास्टिकच्या आवरणाची मर्यादा ७० डिग्री, शिवाय तांबं तापलं की दर डिग्रीला त्याचा रेझिस्टन्स जवळपास ०.४ टक्के वाढतो, म्हणजे अजून उष्णता. १६ चा एमसीबी इथे काही वेळात पडला असता, ३२ चा ढिम्म हलत नाही कारण त्याच्या हिशोबाने लोड कमीच आहे. एमसीबी वायर वाचवायला असतो हो, त्यामुळे तो वायर बघूनच ठरवायचा.

आणि सॉकेटचा ढिला स्क्रू, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. तिथे नुसता ०.१ ओहम धरला तरी २६ अँपिअरला ६८ वॅट त्या एवढ्याशा जागेत, धातू वितळवून वायरी जोडणारी साधी सोल्डरिंग आयर्नसुद्धा २५ वॅटची असते. यात करंट वाढतच नाही त्यामुळे कुठलाच एमसीबी हे पकडत नाही, सॉकेट पिवळं-काळं पडलंय का ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

गीझरला मेन बोर्डापासून वेगळी जाड लाईन आणि तिच्या मापाचा वेगळा एमसीबी बसवून घ्या. ते होईपर्यंत गीझर चालू असताना इंडक्शन लावू नका.