कर्जदाराच्या तुरुंगात लिहिलेला युद्धवृत्तान्त

हेन्री ली याचे नाव आपल्याकडे निघालेच, तर अमेरिकी गृहयुद्धातील दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचा बाप म्हणून निघते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ‘लाइट हॉर्स हॅरी’ म्हणून गाजलेला हा घोडदळ अधिकारी पुढे व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला, जमिनीच्या सट्ट्यात बुडाला आणि १८०९ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला. दक्षिणेकडील मोहिमेच्या त्याच्या आठवणी त्या कैदेत लिहिल्या गेल्या आणि १८१२ मध्ये दोन खंडांत छापल्या गेल्या. पत गमावलेल्या माणसाने नावलौकिक तरी वाचवावा म्हणून केलेले हे लेखन आहे, आणि ते तसेच वाचले पाहिजे, असे माझे मत आहे.

ली स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहितो. त्यामुळे आरोपीच्या जबाबाला साक्षीदाराच्या जबानीचे रूप येते, आणि हे सर्वांत जास्त खटकते ते पाइल प्रकरणात. फेब्रुवारी १७८१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात डॉ. जॉन पाइल याच्या, ब्रिटिश राजाच्या बाजूच्या तुकडीने दोन्हीकडचे सारखेच हिरवे डगले पाहून लीच्या स्वारांना टार्लटनचे ब्रिटिश स्वार समजून वाट करून दिली, आणि काही क्षणांत त्यांच्यातील सुमारे ९० जण कापले गेले. लीचे म्हणणे असे, की त्यांना समजावून घरी पाठवण्याचाच त्याचा विचार होता, पण पहिली गोळी त्यांच्याकडून सुटली. असेलही; परंतु मोझेस हॉल या मिलिशियातील (नागरी फौजेतील) शिपायाने अनेक वर्षांनी निवृत्तिवेतनाच्या अर्जात त्या संध्याकाळी सहा बंदिवानांना तलवारींनी तोडल्याचे सांगितले आहे, आणि त्या साध्या जबानीपुढे लीची सफाईदार वाक्ये मला फार जपून रचलेली वाटतात.

ली स्वतःला विसरतो तेथे मात्र हा ग्रंथ अप्रतिम आहे. नॅथनेल ग्रीन या आपल्या सेनापतीविषयी तो मनापासून लिहितो. १७८१ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलिनात भाकरीऐवजी भातावर दिवस काढणारे सैन्य, मांस मिळेना म्हणून डबक्यांतील बेडूक खाणारे शिपाई आणि सुसरीलाही न सोडणारे काही जण त्याने कोणताही आव न आणता नोंदवले आहेत. लढायांच्या बखरी पुष्कळ असतात. सैन्याच्या पोटाविषयी लिहिणारे अधिकारी थोडे. (या मोहिमेतील त्याचा प्रतिस्पर्धी कॉर्नवॉलिस दशकभराने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांसह श्रीरंगपट्टणावर गेला, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.)

ग्रंथ निघाला त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये, ब्रिटनशी सुरू झालेल्या नव्या युद्धाला विरोध करणाऱ्या संपादकाच्या बाजूने उभा राहिल्याबद्दल, जमावाने लीला मरणप्राय मारले. त्यातून तो कधीच सावरला नाही. वेस्ट इंडीजहून परतताना १८१८ मध्ये जॉर्जियाच्या कंबरलँड बेटावर, ग्रीनच्याच मुलीच्या घरी, तो वारला. गृहयुद्ध हरलेल्या रॉबर्टने पुढे बापाचे चरित्र जोडून या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. ती मुलाने बापासाठी केलेली वकिली आहे, म्हणून प्रस्तावना शेवटी वाचावी.