आधी बंदूक जमा करा

सगळ्यात आधी बंदूक पुसून घ्या, नळीतून तेलाचा बोळा फिरवा आणि ती पोलीस ठाण्यात जमा करून या. शिकाऱ्याने राजकारणात उतरायचं तर सुरुवात इथूनच होते. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात, मग ती शेती संरक्षणाची का असेना. तुम्ही याला कटकट म्हणता. अहो, ही दीक्षा आहे.

2024 सालचंच घ्या. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. तोवर डुकरांनी उन्हाळी भुईमूग उकरून संपवला होता. मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली. ऑक्टोबरात कोकणातलं भात कापणीला आलेलं असतं, पण तारखा जिथे ठरतात तिथे भात बहुधा गोणीतूनच येतं. आमच्या वाडीतले आम्ही सातजण एकाच टेम्पोतून बंदुका घेऊन गेलो. हवालदाराने प्रत्येक बंदुकीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला, त्यावर नाव आणि परवाना नंबर घातला आणि सगळ्या कोपऱ्यात टेकवून ठेवल्या. शाळेच्या व्हरांड्यात पावसाळ्यात छत्र्या असतात ना, तशा. शेजारचे आबा म्हणाले, "सायबानू, आमचा ठीक हा. पण डुकरांक कोण सांगतलो, आचारसंहिता लागली हा म्हणान?"

हवालदाराने पावती फाडली. चौथ्या रात्री आबांचं खाचर झोपलं. सकाळी बघायला गेलो तर बांधाला लागून चिखलात खुरांचे ठसे, त्यात एक मोठा, एकल्या नराचा, आणि मधोमध लोळून लोळून केलेली गादी. आबा ओंब्या हातात घेऊन उभे होते. त्यांचा बार चाळीस वर्षांत फारसा चुकलेला नाही. पण अशा वेळी बार काय कामाचा?

म्हणून सांगतो, ठसे ओळखणं, वारा बघणं, लीद फोडून प्राणी काय खातोय ते सांगणं, ही विद्या आता विसरा. त्याने प्राणी कळतो, आणि आपल्याकडे वन्यप्राण्याचा निर्णय घ्यायला प्राणी कळावा लागतो असं कोणी म्हटलंय? निर्णय कुठे होतो तेवढं शोधा आणि तिथे जाऊन बसा.

बसायची जागा कायद्यात लिहिलेली आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडा. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, उपाध्यक्ष वनमंत्री. मग विधिमंडळाचे तीन सदस्य. मग स्वयंसेवी संस्थांचे तीन. मग नामवंत पर्यावरणतज्ज्ञ वगैरे दहा, त्यात किमान दोन अनुसूचित जमातीचे. पुढे अधिकाऱ्यांची रांग. यात शेतकरी म्हणून, किंवा परवाना काढून रात्र रात्र राखण करणारा म्हणून खुर्ची कुठे दिसते का बघा. डुकराचीही नाही म्हणा. तेवढ्यापुरते तो आणि आपण एका पातळीवर आहोत. तीन खुर्च्या मात्र आमदारांच्या आहेत. तेव्हा बांधावरून मंडळापर्यंतचा जवळचा रस्ता मतपेटीतून जातो हे लक्षात घ्या आणि येत्या चतुर्थीला चार घरी जास्त जाऊन या.

हे नवीन वाटत असेल तर दाजीपूरला जा. राधानगरी-दाजीपूरचं ते रान एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. राजाला शिकार करायची होती म्हणून रान राखलं गेलं, गवे राहिले आणि 1958 साली तिथे अभयारण्य झालं. म्हणजे ज्याच्या हातात राज्य, त्याने मारलं तर ती शिकार आणि त्यानेच जंगल राखलं. तुम्ही मारलं तर परवाना दाखवा. आणि फासेपारध्याने मारलं तर? तितराची शीळ घालून तितराला जवळ बोलावणारा माणूस तो. 1871 च्या कायद्याने त्याच्यासारख्यांच्या अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का कागदावरून निघायला 1952 उजाडलं, आणि गावात शिरताना तो अजून निघालेला नसतो. प्राणी तोच, फास किंवा गोळीही तीच. वरचा शब्द बदलतो, आणि तो शब्द जंगलात ठरत नाही. (इथे थट्टा सुचत नाही, पुढे जाऊ.)

आता परवान्याचं. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, पीक खात असतील तर त्यांची पारध करायचा परवाना महाराष्ट्रात मिळू शकतो, 2015 चा शासन निर्णय आहे. अर्ज करा, सातबारा जोडा, बंदुकीचा परवाना जोडा, पाहणी होऊ द्या. डुक्कर तोवर थांबेल अशी आशा ठेवा. आणि समजा परवाना आला, बार लागला, डुक्कर पडलं, तर त्याला हात लावायच्या आधी कलम 39 आठवा. भात खाताना ते कोणाचं असतं हे कोणी नक्की सांगत नाही. पडलं रे पडलं की मात्र सरकारी मालमत्ता! मालकी सांगायला सरकारला इतकी घाई दुसऱ्या कुठल्याही कामात झालेली मी पाहिलेली नाही.

राजकारणात शिरल्यावर पहिला धडा असा की प्राणी मारायचा निर्णय घेणाराही तुमच्या पक्षाचा असतो आणि त्यावरून छाती पिटणाराही. 2016 साली बिहारमध्ये मोकामाच्या टापूत दोनशेहून जास्त नीलगाई टिपल्या. केंद्राने त्या उपद्रवी जाहीर केल्या होत्या, तेव्हा पर्यावरणमंत्री होते आपले प्रकाश जावडेकर. त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या मेनका गांधी त्यांच्या खात्यावर तुटून पडल्या. जावडेकर म्हणाले, राज्यांनी मागितलं म्हणून दिलं. खरंच होतं ते. नीलगाईंनी ज्याचं शेत खाल्लं तो शेतकरी या भांडणात कुठे होता? बातमीच्या फोटोत, मागे, धूसर.

दोन वर्षांनी हाच खेळ यवतमाळात. राळेगावच्या बाजूला टी-1 वाघीण, म्हणजे अवनी. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर. तिला शोधायला हत्ती आणले, पॅराग्लायडर आणलं, एका गोल्फपटूचे इटालियन जातीचे कुत्रे आणले, पुरुषांसाठीचं एक महागडं परदेशी अत्तरसुद्धा झाडाझुडपांवर फवारलं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळीने मेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मेनका गांधी विरुद्ध राज्याचे तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार. पुन्हा एकच पक्ष. मोकामात आणि इथे, दोन्हीकडे बंदुकीवाले हैदराबादहून आले होते. आपल्याकडे शिकारी ही आयात करायची वस्तू आहे, हे कोणी बोलून दाखवत नाही. एरवी तो नकोच असतो. गळ्याशी आलं की विमानाने आणायचा, आणि काम झालं की त्याच्यावरच चौकशी लावायची. गावातला ठसे काढणारा म्हातारा फुकट होता, पण त्याला शिफारसपत्र नव्हतं.

दुसरा धडा पिंजऱ्याचा. पिंजरा हे वन्यजीव व्यवस्थापनातलं सगळ्यात राजकीय यंत्र आहे, हे नीट समजून घ्या, उद्या उमेदवारी मिळाली तर कामाला येईल. पिंजरा दिसतो. ट्रॅक्टरवरून येतो, त्यात बकरी बांधता येते, शेजारी उभं राहून फोटो काढता येतो. बिबट्या सापडला तर विजय, नाही सापडला तर "आम्ही पिंजरा लावला होता". जुन्नरला हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. उसातले बिबटे धरले आणि लांब जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला: बिबटे असे हलवायला लागण्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, नंतर 17 झाले. अनोळखी रानात टाकलेला बिबट्या घराकडे निघतो, वाटेत माणसं लागतात. आणि मोकळ्या झालेल्या उसात दुसरा येऊन राहतो. हे शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं, गुराख्यांना आधीच ठाऊक होतं. तरी पुढच्या हल्ल्यानंतर मागणी काय असते? पिंजरे वाढवा.

उपरोध करायलाही जीभ अडखळते अशी वेळ 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला तीन आठवड्यांत तिघं गेली, त्यात दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, महामार्ग अडवला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या; धनगराच्या कुत्र्याला बांधतात तसे. मग बंदूकवाले आले आणि बिबट्या मारला. माणूस गेल्यावर 25 लाख रुपये मिळतात, तो आकडा पक्का आहे. माणूस जाऊ नये म्हणून काय करायचं, त्याचा आकडा अधिवेशनात ठरतो.

अधिवेशन मात्र नागपूरला डिसेंबरात झालं आणि अगदी बघण्यासारखं झालं. जुन्नरचे आमदार बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले. वनमंत्र्यांनी जंगलात एक कोटी रुपयांच्या शेळ्या सोडायचा उपाय काढला, म्हणजे बिबटे गावाकडे यायचेच नाहीत. शिकारी मित्रांनो, वाघरू धरायला मचाणाखाली बकरी बांधायची हे तुम्ही आजोबांकडून शिकलात. त्यासाठी निविदा काढायची असते हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आता विचार करा, तुम्ही त्या सभागृहात असता तर निदान एक प्रश्न विचारला असता: त्या शेळ्या पहिल्या आठवड्यातच संपल्यावर शेळीची चटक लागलेला बिबट्या पुढचं जेवण कुठे शोधणार? पण असले प्रश्न विचारायला मुद्दा मांडायची वेळ मिळावी लागते, आणि ती पोशाखाला मिळते. तुमच्याकडे डुकराचं कातडं असेल तर जपून ठेवा. नको, कलम 39.

कोणी म्हणेल, परदेशात असं नसतं. असतं की. अमेरिकेत 1937 पासून बंदूक-काडतुसांवरच्या कराचा पैसा कायद्याने वन्यजीवांसाठी जातो, रायफलीवर 11 टक्के. पैसा आपला म्हणून तिथला शिकारी ताठ मानेने बोलतो. तरीही 2020 साली कोलोरॅडोत लांडगे परत आणायचे की नाही हे थेट मतदानाला टाकलं. शहरांनी हो म्हटलं, गुरं पाळणाऱ्या पश्चिम भागाने नाही म्हटलं, आणि 51 विरुद्ध 49 असं होऊन ओरेगॉनहून दहा लांडगे 2023 च्या डिसेंबरात ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांच्याच बाजूला सोडले. तिथले शिकारी यातून शिकले. 2024 मध्ये पहाडी सिंहाच्या, म्हणजे प्यूमाच्या, शिकारीवर बंदी घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा ते दारोदार फिरले आणि तो पाडला. तो पाडायला हवा होता का, यावर माझं मत वेगळं आहे. पण फिरले खरे. आपण फिरतो ते फक्त जमा केलेली बंदूक परत आणायला.

तेव्हा निघा. आधी ग्रामसभेला जा. तिथे कोरम पूर्ण करायला तुमची गरज असतेच. डुकरांचा विषय काढा. "इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" यात तो येईल, म्हणजे चहा आल्यावर. ठराव लिहून घ्या आणि त्याची पोच मागा. पोच मागितली की तुम्हाला लोक पुढारी म्हणायला लागतील.

मी सुरुवात केली आहे. गेल्या खेपेला मत मागायला एक उमेदवार आमच्या खळ्यात आला. मी भाताचा विषय काढला, ठशांचे फोटो दाखवले, पंचनाम्याची तारीख दाखवली, निवडणुकीच्या काळात शेती संरक्षणाच्या बंदुका राहू द्या एवढं मागितलं. त्याने सगळं मान हलवत ऐकलं. कार्यकर्त्याला म्हणाला, "लिही रे, डुकरांचा बंदोबस्त." आबांनी त्याला कोकम सरबत दिलं. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून मला माडाच्या बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "ता सगळा ठीक हा. पण मटाण कधी गावतला?"